विंडोज ११ वरून परत १० वर: आधी मुदत वाढवा, मग ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. अप्पा बळवंत चौकाजवळ लग्नपत्रिकांचं डीटीपी (म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून पानं लावणं) आणि छपाईचं दुकान. डिझाइनच्या मशीनवर विंडोज १० प्रो होतं, सहा दिवसांपूर्वी ते अपग्रेड होऊन ११ झालं. तेव्हापासून मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल (ते चालायला मशीनला लावावा लागणारा किल्लीवजा तुकडा) ओळखला जात नाही, काउंटरवरच्या जुन्या मशीनमधलं शेअर केलेलं फोल्डर उघडत नाही आणि जुना लेझर प्रिंटर कधी छापतो, कधी नाही. दोन पत्रिका प्रूफवर अडकल्या आहेत, मुहूर्त थांबणार नाहीत. ओळखीचा दुरुस्तीवाला म्हणतो, ‘फॉरमॅट मारावा लागेल, दोन दिवस मशीन ठेवून जा.’ तर परत १० वर जावं का, आणि कसं?

मी गेली बावीस वर्षं पुण्यातल्या छोट्या ऑफिसांची, प्रेसची आणि सीएंच्या कचेऱ्यांची मशीन सांभाळते. त्या अनुभवावरून सांगते: फॉरमॅट मारायचं आज कारण नाही. तुमचा सहावा दिवस आहे, म्हणजे परतीचा रस्ता अजून उघडा आहे. पण तो आपोआप बंद होणारा रस्ता आहे, म्हणून आज सगळ्यात आधी तेवढं एक काम करा, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

अपग्रेड होताना जुनी विंडोज पुसली जात नाही. ती सी ड्राइव्हवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये सरकवून ठेवली जाते. पंधरा-वीस जीबी जागा खाणारं ते फोल्डर म्हणजेच तुमचं विंडोज १०, सगळ्या ड्रायव्हर (प्रिंटर, डोंगल अशी उपकरणं चालवणारी छोटी सॉफ्टवेअर) आणि सेटिंगसकट. परत जायचं म्हटलं की मशीन तेच उचलून जागेवर ठेवतं. १० दिवस झाले की मात्र विंडोज स्वतःच ते काढून टाकतं. २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हा ही मुदत ३० दिवसांची होती. २०१६ च्या ॲनिव्हर्सरी अपडेटपासून ती १० दिवसांवर आणली गेली. धंद्याच्या मशीनला १० दिवस फार कमी पडतात. पहिले तीन-चार दिवस ‘होईल ठीक’ म्हणण्यात जातात, मग कोणाला तरी दाखवायचं, मग रविवार मध्ये येतो.

ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण ती संपायच्या आत. कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा. पुढची आज्ञा मी फोनवर सांगते तशीच इथे सांगते, टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायची: डी-आय-एस-एम, जागा, तिरकी रेघ आणि ‘ऑनलाइन’, जागा, तिरकी रेघ आणि ‘सेट’, लगेच आडवी रेघ, तिला चिकटून सलग ‘ओएसअनइन्स्टॉलविंडो’, जागा, तिरकी रेघ आणि ‘व्हॅल्यू’, लगेच विसर्गासारखी दोन टिंबं आणि ६०. एंटर. ‘ऑपरेशन कम्प्लीटेड सक्सेसफुली’ अशी ओळ आली की झालं. खात्री करायची तर त्याच आज्ञेत ‘सेट’च्या जागी ‘गेट’ लिहा आणि ‘व्हॅल्यू’चा भाग गाळा, किती दिवस आहेत ते दाखवेल. दोन मिनिटांचं काम आहे, पण त्याने तुमच्या डोक्यावरची टांगती तलवार जाते.

आणि दुकानातल्या प्रत्येकाला आजच सांगून ठेवा: या मशीनवर ‘डिस्क क्लीनअप’ चालवायचं नाही, स्टोरेजच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘टेम्पररी फाइल्स’ साफ करायच्या नाहीत. तिथल्या यादीत ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ अशी एक नोंद असते. तिच्यावर टिक पडली की मुदत ६० दिवसांची असो की ६०० ची, रस्ता बंद.

हे इतकं बजावून सांगतेय त्याला कारण आहे. २०२२ च्या सप्टेंबरात नारायण पेठेतल्या एका छोट्या प्रेसमध्ये हेच घडलं. दिवाळी अंकाची पानं लागत होती. शनिवारी मशीन अपग्रेड झालं, मंगळवारी प्रेसवाल्या काकांचा फोन आला, मी म्हटलं, ‘उद्या सकाळी येते.’ मधल्या संध्याकाळी त्यांच्या भाच्याने, मशीन हळू चालतंय म्हणून, चांगल्या हेतूने सी ड्राइव्ह साफ केला. मी बुधवारी पोचले तर परत १० वर नेणारं ‘गो बॅक’चं बटण फिकं पडलेलं. मग नव्याने विंडोज १०, नव्याने सगळी सॉफ्टवेअर, दोन रात्री. त्यातही खरं नुकसान पुढे निघालं. फॉन्टच्या सॉफ्टवेअरची जी सीडी सापडली ती जुन्या आवृत्तीची होती. पानं उघडली, वरवर सगळं ठीक दिसलं. काकांनी भिंग काढलं, एका कवितेवर ठेवलं आणि नुसतं बोट दाखवलं: ‘दऱ्या’मधला अर्धा र उडून तिथे रिकामा चौकोन आला होता. पुढच्या पानावर ‘श्र’च्या जागी भलतंच चिन्ह. जवळजवळ २०० पानांचं प्रूफ त्यांनी आणि त्यांच्या मुलीने पुन्हा, ओळीवर पट्टी ठेवून वाचलं. मंगळवारच्या फोनवरच ‘कशालाही हात लावू नका’ एवढं सांगायचं काम माझं होतं. मी ते सांगितलं नाही. तेव्हापासून फोन आला की माझं पहिलं वाक्य तेच असतं.

आता तुमच्या तीन तक्रारी. परत जाण्याआधी त्या एकदा तपासून घ्या, कारण माझ्याकडे ‘अपग्रेडने वाट लावली’ म्हणून येणाऱ्या कितीतरी मशीनना परत जावंच लागत नाही.

शेअर फोल्डरची तक्रार बहुतेक अर्ध्या तासात सुटेल. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो मध्ये नेटवर्कवरच्या फोल्डरशी बोलताना प्रत्येक निरोपावर सही असावी लागते आणि बिनापासवर्डचा ‘गेस्ट’ प्रवेश मुळातच बंद असतो. आपल्याकडे दुकानांत शेअरिंग करताना सर्रास ‘एव्हरीवन’ला परवानगी देऊन पासवर्ड काढून टाकलेला असतो. काउंटरवरचं मशीन तसंच असणार. उपाय सोपा आहे: काउंटरच्या मशीनवर पासवर्डसह एक साधा युझर तयार करा, फोल्डरची परवानगी त्याला द्या, आणि डिझाइनच्या मशीनवरून ते फोल्डर उघडताना तेच नाव आणि पासवर्ड द्या, ‘रिमेंबर’वर टिक करा. नेटवर काही जण सहीची अट आणि गेस्टची बंदी दोन्ही उठवायचा सल्ला देतात. तो ऐकू नका. पत्रिकेसाठी पेन ड्राइव्ह घेऊन दिवसभर अनोळखी लोक येतात, त्या दुकानात बिनापासवर्डचं शेअर फोल्डर म्हणजे व्हायरसला पाटच मांडून ठेवल्यासारखं आहे.

प्रिंटरसाठी जुना ड्रायव्हर पूर्ण काढा, कंपनीच्या साइटवरून युनिव्हर्सल ड्रायव्हर घ्या, यूएसबी वायर काढून पुन्हा लावा. यापेक्षा जास्त वेळ त्यावर घालवू नका.

डोंगल हा खरा मुद्दा आहे. ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. पिवळा त्रिकोण दिसतोय का? असेल तर डोंगल मशीनला दिसतोय, त्याचा ड्रायव्हर चालत नाहीये. मग ‘विंडोज सिक्युरिटी – डिव्हाइस सिक्युरिटी – कोअर आयसोलेशन’मध्ये जा. तिथे ‘मेमरी इंटिग्रिटी’ चालू असेल तर ती जुन्या धाटणीचे ड्रायव्हर लोड होऊ देत नाही. ती बंद करून, मशीन रीस्टार्ट करून डोंगल लागला, तर दोषी सापडला. पण ती कायमची बंद ठेवू नका. ते संरक्षण आहे, अडचण नाही. फॉन्टवाल्या कंपनीकडे विंडोज ११ साठीचा ड्रायव्हर मागा, तो घालून मेमरी इंटिग्रिटी पुन्हा चालू करा. कंपनी म्हणाली की तुमच्या आवृत्तीला नवा ड्रायव्हर नाही, तर तुमचा निर्णय तिथेच झाला: सध्या परत जायचं.

हे सगळं करायला एक संध्याकाळ द्या. एकच. दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगल लागत नसेल तर परत जा आणि प्रूफं मोकळी करा. परत जाण्यात काही कमीपणा नाही. लग्नघरच्या माणसाला तुमच्या मशीनवर कोणतं विंडोज आहे याच्याशी काय करायचंय? त्याला पत्रिका हवी.

परत जाताना काय होतं ते नीट समजून घ्या. तुमच्या फाइल जागेवर राहतात, पण गेल्या सहा दिवसांत घातलेली सॉफ्टवेअर आणि बदललेली सेटिंग जातात. फाइल राहतात असं मी म्हटलं तरी माझ्यावर विसंबू नका, बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी घ्याच. डेस्कटॉप, डॉक्युमेंट, डाउनलोड, आणि डीटीपीवाले नेहमी विसरतात ते फॉन्टचं फोल्डर. त्या सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलेशनचं फोल्डरही जसंच्या तसं उचलून ठेवा. नारायण पेठेत ते असतं तर त्या चौकोनांचा शोध तासाभरात लागला असता.

मग हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह सगळं काढा. अपग्रेडनंतर कोणा नव्या युझरचं खातं उघडलं असेल तर ते काढून टाका, नाहीतर मशीन परत जायला नकार देतं. अपग्रेडच्या आधीचा लॉगिन पासवर्ड आठवतोय ना, याची खात्री करा, कारण परत गेल्यावर तोच लागणार. यूपीएस चार्ज आहे का बघा, आणि हे काम गुरुवारी काढू नका. आपल्याकडे देखभालीसाठी वीज जाते ती बहुधा गुरुवारीच, हे तुम्हाला मी सांगायला नको. मग ‘सेटिंग्ज – सिस्टिम – रिकव्हरी – गो बॅक’. का परत जाताय ते विचारेल, काहीही उत्तर द्या. अपडेट तपासून बघू का म्हणेल, ‘नो थँक्स’ म्हणा. अर्धा-पाऊण तास, जुन्या हार्ड डिस्कवर जास्त. मध्ये स्क्रीन काळी होऊन बराच वेळ काही हललं नाही तरी पॉवरचं बटण दाबू नका.

एक गोष्ट इथे अडवू शकते, ती म्हणजे बिटलॉकर, विंडोजची डिस्क कुलूपबंद करणारी सोय. पुष्कळ मशीनवर, विशेषतः मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलेल्या लॅपटॉपवर, डिस्कला कुलूप लागलेलं असतं आणि मालकाला पत्ताच नसतो. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) काही बदललं किंवा बूटचा, म्हणजे मशीन सुरू होण्याचा, क्रम हलला की निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी किल्ली मागितली जाते. डेक्कनवरच्या एका सीएंच्या कचेरीत मी हे पाहिलंय. महिन्याची २० तारीख, जीएसटीचं ३बी विवरणपत्र भरायचा शेवटचा दिवस, रात्रीचे नऊ, आणि लॅपटॉप किल्ली मागत बसलेला. तो ज्या खात्याशी जोडलेला होता ते खातं दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या मुलाचं निघालं. त्याला साताऱ्याला फोन लावला, त्याने बिचाऱ्याने जेवण सोडून खातं उघडून एकेक आकडा वाचून दाखवला. म्हणून आधीच ‘मॅनेज बिटलॉकर’ किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’मध्ये जाऊन बघा. चालू असेल तर मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून किल्ली काढा आणि कागदावर लिहून कपाटात ठेवा. त्याच मशीनमधल्या फाइलमध्ये ठेवू नका.

तुमच्यासारखाच प्रश्न असणाऱ्या पण १० दिवस उलटून गेलेल्यांसाठी आता. तुम्हाला नव्याने विंडोज १० घालावंच लागेल, म्हणजे तो दुरुस्तीवाला म्हणतो तो फॉरमॅट. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवा, ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. बाजारात कोणी ‘ॲक्टिव्हेटेड’ म्हणून आयती कॉपी देत असेल तर घेऊ नका, आत काय भरलंय ते देणाऱ्यालाही माहीत नसतं. तिची गरजही नाही. मशीनवर आधी अस्सल विंडोज १० चालू होतं तर त्याचं डिजिटल लायसन्स हार्डवेअरशी बांधलेलं असतं. इन्स्टॉल करताना ‘आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की’ निवडा, नेट जोडलं की ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं. फक्त होम होतं तर होम, प्रो होतं तर प्रोच निवडा.

फॉरमॅटच्या आधी टॅलीचं लायसन्स सरेंडर करा, म्हणजे या मशीनवरून सोडवून घ्या. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर कुठून मिळतो ते बघून ठेवा. ब्राउझरमधले पासवर्ड, आउटलुकची मेलची फाइल, जुन्या ऑफिसची प्रॉडक्ट की, या तीन गोष्टींसाठी लोक नंतर कपाळाला हात लावतात. आणि डिस्कच्या भागांची यादी दाखवणाऱ्या स्क्रीनवर घाई करू नका. ‘डेटा डी ड्राइव्हवर आहे, काळजी नाही’ असं प्रत्येक जण म्हणतो. पण त्या स्क्रीनवर सी आणि डी अशी अक्षरं नसतातच, नुसते ‘पार्टिशन ३’, ‘पार्टिशन ४’ असे आकडे असतात. जीबीत साइज जुळवून बघितल्याशिवाय ‘डिलीट’ दाबू नका.

स्वच्छ इन्स्टॉलनंतर मराठीवाल्यांना आणखी एक धक्का बसतो: वर्डमधली जुनी पत्रं वेगळीच दिसायला लागतात. मंगल फॉन्ट विंडोज २००० पासून आपल्या सवयीचा, पण विंडोज १० मध्ये तो, आणि कोकिळा, अपराजिताही, आपोआप येत नाहीत. ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये जाऊन ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ घालावे लागतात. फाइल बिघडलेली नसते, फक्त फॉन्ट नसतो.

ज्यांचं मशीन विकत घेतानाच ११ सह आलं, त्यांना परत जायला जागाच नाही, कारण मागे काही नाहीच. नव्या लॅपटॉपवर जबरदस्तीने १० घालायला गेलात तर इंटेलच्या स्टोरेज ड्रायव्हरशिवाय इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, असंही होतं. त्या वाटेला जाऊ नका.

आता परत गेल्यावरचं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. म्हणजे नुसतं परत गेलात तर सुरक्षेचे अपडेट येणार नाहीत. घरगुती मशीनसाठी मायक्रोसॉफ्टने एका वर्षाची वाढीव सोय दिली आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यासाठी २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. सेटिंग सिंक केली तर पैसे पडत नाहीत, नाहीतर एकदाच ३० डॉलर. नोंदणी ‘विंडोज अपडेट’च्याच पानावर होते. धंद्याच्या मशीनसाठी वेगळी योजना आहे: पहिल्या वर्षी दर मशीनला ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. परत जायचं आणि अपडेटशिवाय त्याच मशीनवर मेल, बँक, ग्राहकांचे पेन ड्राइव्ह सगळं चालवायचं, हे मात्र मी कोणालाच करू देत नाही. ‘त्यापेक्षा सेव्हनच टाकून द्या ना, तेच बरं होतं’ असंही मला अजून महिन्यातून एकदा ऐकावं लागतं. त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला. नको.

परत गेल्यावर मशीन पुन्हा ११ चं आमंत्रण दाखवेल. ‘स्टे ऑन विंडोज १० फॉर नाऊ’ निवडा. तुमचं प्रो आहे, तर ग्रुप पॉलिसीत (प्रो मधल्या नियम ठरवायच्या सेटिंगमध्ये) ‘टार्गेट फीचर अपडेट व्हर्जन’मध्ये विंडोज १० आणि २२एच२ भरून ठेवा, म्हणजे पुन्हा कोणी चुकून होकार दिला तरी ते पुढे जाणार नाही.

लग्नसराई ओसरली की मात्र एक काम मनावर घ्या. पुण्यात मराठी डीटीपी फार लवकर रुजलं. सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था १९८८ मध्ये इथेच उभी राहिली, ‘श्री-लिपी’ हे मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर इथलंच, आणि म्हणूनच पेठांमधल्या प्रेसकडे जुन्या, युनिकोड (कुठल्याही मशीनवर अक्षरं तशीच दिसावीत म्हणून ठरलेली सर्वमान्य पद्धत) नसलेल्या फॉन्टमधल्या हजारो फाइल पडून आहेत. त्या फाइल तुमची मिळकत आहे. ती एका डोंगलवर टांगून ठेवू नका. नेहमी लागणारे मजकूर, म्हणजे मंगलाष्टकं, निमंत्रणाचे मसुदे, नावांचे साचे, कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. ‘र्‍य’ आणि ‘श्र’ आधी बघा, गडबड तिथेच होते. बाकीच्या जुन्या फाइलची निदान पीडीएफ काढून ठेवा. पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्येच उघडणारं काही असेल तर त्यासाठी एखादं जुनं मशीन विंडोज १० वर तसंच ठेवा, त्याची नेटची वायर काढा, डोंगल त्यालाच लावा. त्या मशीनवर फक्त फाइल उघडायची, पीडीएफ काढायची, स्वच्छ केलेल्या पेन ड्राइव्हवर घ्यायची. तुमचं रोजचं मशीन मग खुशाल ११ वर जाऊ दे.

आज संध्याकाळी मुदत वाढवून झाली, कॉपी घेतली, की डोंगल हातात घेऊन त्याच्या मागच्या बाजूला बघा. बारीक अक्षरांत मॉडेलचं नाव कोरलेलं असतं, बहुधा झिजलेलं. फोनचा टॉर्च तिरका धरला की वाचता येतं. ते नाव आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पिवळ्या त्रिकोणावर डबल क्लिक केल्यावर दिसणारा कोड, एवढं कळवा. ११ वर चालणारा ड्रायव्हर त्याला आहे की नाही, हे त्यावरून सांगता येईल.